गुडघ्यापाशी अडलेली बोटं

१९३७ साली म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा मुलगा पुण्यात आला. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने आसनं शिकवायची, एवढंच ठरलं होतं. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम आणि समोरचे बरेच विद्यार्थी वयाने, शिक्षणाने, अंगापिंडाने त्याच्याहून वरचढ. सहा महिन्यांची मुदत कधीच मागे पडली. २० ऑगस्ट २०१४ रोजी बी. के. एस. अय्यंगार वारले, तेही पुण्यातच.

योगवर्गाला पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या पोटात एकच गोळा असतो: आपलं अंग वळत नाही, आपल्याला हे जमायचं नाही. अशा माणसाने आधी अय्यंगारांचं लहानपण समजून घ्यावं. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८चा, कर्नाटकातल्या बेल्लूर गावातला. इन्फ्लुएंझाची साथ भरात होती आणि पोटुशी आईही त्या तापाने आजारी होती. पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोराची पाठ सोडली नाही. हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेलं, मान टाकलेली. वडीलही लवकर गेले. १९३४मध्ये मेहुण्यांनी, म्हणजे टी. कृष्णम्माचार्यांनी, त्यांना म्हैसूरला बोलावून घेतलं, तेव्हा पुढे वाकल्यावर बोटं गुडघ्यांच्या खाली जात नव्हती.

आखडलेलं अंग काय असतं, हे ज्याला स्वतःच्या हाडांतून कळलं आहे, त्याचं शिकवणं वेगळं असतं. पुण्यातली सुरुवातीची वर्षं हलाखीची होती, तरी रोजचा सराव तासन्तास चालायचा. १९४३मध्ये रमामणींशी लग्न झालं. त्यांना योगाची काही माहिती नव्हती. अय्यंगारांनी त्यांना शिकवलं आणि मग आपलं आसन कुठे चुकतं ते बघण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. नामवंत शिष्यांच्या यादीत हे नाव येत नाही, पण यायला हवं.

ती यादी तशी सगळ्यांना ठाऊक आहे. १९५२मध्ये भेटलेले व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना युरोपात घेऊन गेले. बेल्जियमची राजमाता एलिझाबेथ ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडून शीर्षासन शिकली. १९६६मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ हे पुस्तक आलं.

नवख्या माणसाला मात्र या सगळ्याहून जास्त उपयोगी पडली ती वीट. त्रिकोणासनात पायांत तीन-साडेतीन फूट अंतर घ्यायचं, उजवं पाऊल बाहेर वळवायचं आणि उजवीकडे झुकायचं. हात जमिनीला लागलाच पाहिजे या हट्टापायी नवखा माणूस गुडघा मोडतो, छाती खाली पाडतो, श्वास कोंडून धरतो. घोट्याशेजारी वीट उभी ठेवून तळहात तिच्यावर टेकला, की पाय ताठ राहतो, फासळ्या मोकळ्या होतात, वरचा खांदा मागे जातो. जमीन वीतभर वर आली, एवढंच. पण आसन आता खरंखुरं त्याचं असतं. पट्टा, घडी घातलेली घोंगडी, पाठ काढून टाकलेली लोखंडी खुर्ची, भिंतीवरचे दोर ही सगळी साधनं याच विचारातून आली. १९७५ साली शिवाजीनगरात उघडलेल्या संस्थेला त्यांनी दिवंगत पत्नीचं नाव दिलं. आज देशोदेशीचे विद्यार्थी तिथे येतात आणि याच घोंगड्या अंथरतात.

हल्ली महिन्याभरात अंग लवचिक करून देण्याच्या जाहिराती दिसतात. ‘लाइट ऑन योगा’च्या अखेरीस दिलेला अभ्यासक्रम ३०० आठवड्यांचा आहे, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा! पण हा आकडा घाबरवणारा नाही, धीर देणारा आहे. मंगळवारी न जमलेलं गुरुवारीच जमलं पाहिजे, अशी घाई त्यात नाही.

मानेचं दुखणं किंवा रक्तदाब असेल तर सर्वांगासन, शीर्षासन शिक्षकाच्या देखरेखीशिवाय करू नये. ताडासनाला मात्र घरातली भिंतही पुरते. टाचा भिंतीजवळ, पावलं जुळवलेली, वजन टाचांवर आणि चवड्यांवर सारखं, गुडघ्यांच्या वाट्या वर खेचलेल्या. चपला काढायच्या आणि उभं राहायचं.