पानावरची रीत

माणूस काय खातो यावरून त्याचा मुलूख ओळखावा आणि कसा खातो यावरून त्याचे घर ओळखावे, असे आमचे वडील नेहमी म्हणत. आम्ही त्यांस नाना म्हणत असू. वाई तालुक्यातील एका खेड्यात मास्तरकी करण्यात त्यांची सारी हयात गेली. ते शाळेत जितके कडक, तितकेच, किंबहुना त्याहून काकणभर अधिकच, पाटावर बसल्यावर असत. पानालाही एक भूगोल असतो, हे आम्ही नकाशा वाचावयास शिकण्यापूर्वीच शिकलो. मीठ वर मध्यभागी. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी व आमटी. समोर भाताची मूद आणि तीवर वरण-तूप. पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्यावाचून घास उचलावयाचा नाही. भात कालवताना बोटांची दोन पेरे ओलांडून अन्न तळव्याकडे येता कामा नये. डावा हात अन्नास लावावयाचा नाही, पण पाण्याचे भांडे मात्र डाव्याच हाताने उचलावयाचे. पानात काही टाकावयाचे नाही, आणि पंक्तीतील वडीलधाऱ्यांचे उरकेपर्यंत उठावयाचे नाही. जेवण संपल्यावर नानांचा हात पाहावा, तर केवळ बोटांची अग्रे तेवढी ओली दिसत.

अशा या काटेकोर गृहस्थांस जेवणाची रीत शिकविण्याचे धाडस आम्ही एकदा केले; त्याचीच ही हकिगत आहे.

1969 साली आम्ही मुंबईस एका शाळेत नुकतेच शिक्षक म्हणून लागलो होतो. शाळेच्या चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हांस रात्री जेवावयास बोलाविले. डोळे दाखविण्याकरिता नाना त्याच आठवड्यात मुंबईस आले होते, हे कळताच यजमानांनी त्यांसही आग्रहाने आमंत्रण दिले. यजमान बरीच वर्षे विलायतेस राहून आलेले. मेजावर पांढरे शुभ्र कापड, प्रत्येकाच्या पुढ्यात काट्या-चमच्यांची रांग, घडी घातलेला हातरुमाल, असा तेथील थाट होता. नानांनी या साऱ्यावरून एकवार नजर फिरविली, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हटले आणि पेल्यातील पाणी तळहातावर घेऊन बशीभोवती फिरविले. त्या शुभ्र कापडावर पाण्याचे एक ओले वर्तुळ उमटले. मग घरी जेवावे तितक्याच स्वस्थपणे त्यांनी बोटांनी भात कालवावयास आरंभ केला.

कोणी हसले नाही, हे आज आम्ही शपथेवर सांगू. यजमानीणबाईंनी तर काहीच न घडल्यासारखी त्यांस भाजी वाढली. अवघडलो ते आम्हीच. मेजाखालून आम्ही नानांच्या पायास पाय लावला आणि हलकेच म्हणालो, "नाना, चमचा."

नानांनी आमच्याकडे पाहिले. रुमालाने हात पुसला. खडू धरावा तसा चमचा धरून दोन घास कसेबसे घेतले, चमचा खाली ठेवला आणि यजमानांस म्हणाले, "माझं झालं. फार उत्तम जेवण होतं." पानात शीतही न टाकणाऱ्या माणसाच्या बशीत त्या रात्री अर्ध्याहून अधिक भात तसाच राहिला. परतताना बसमध्ये ते काही बोलले नाहीत. खोलीवर आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी अंथरूण घातले.

त्या वयात काटा म्हणजे सुधारणा आणि हात म्हणजे खेडवळपणा, असे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसले होते. पुढे वाचनाने ते खिळखिळे केले. नेदरलंड्सचा थोर पंडित इरॅस्मस याने 1530 साली मुलांसाठी शिष्टाचारावर एक लहानसे पुस्तक लिहिले. तेलकट बोटे चाटू नयेत, अंगरख्यास पुसू नयेत, अशी शिकवण त्यात आहे. जेथे अशी ताकीद द्यावी लागते, तेथे जेवण बोटांनीच चालते, हे सांगावयास नको. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, 1611 साली, टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात इटलीतील एक नवलाची गोष्ट नोंदविली. तेथील लोक मांस कापताना ते एका काट्याने धरतात, कारण सर्वांचीच बोटे सारखी स्वच्छ नसतात, असे त्यांचे म्हणणे! कोरियट स्वतः काटा वापरू लागला, तेव्हा त्याच्या इंग्रज मित्रांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. पुढे हाच गृहस्थ बरेचसे अंतर पायी तुडवीत हिंदुस्थानात आला आणि 1617 साली सुरतेस वारला. ज्याने आपल्या देशबांधवांस काट्याची ओळख करून दिली, त्याने देह ठेवला तो हाताने जेवणाऱ्यांच्या देशात. ज्या शस्त्राने आम्ही नानांस घायाळ केले, त्याची इंग्लंडातील वंशावळ ही एवढी अर्वाचीन!

रीतींचा हा शोध घेऊ लागले की परस्परविरोधाने मनुष्य प्रथम चक्रावून जातो. इंग्रज आईबाप मुलांस रिकामा हात मांडीवर ठेवावयास शिकवितात. खाडीपलीकडचे फ्रेंच आईबाप तोच हात मेजाच्या कडेवर दिसला पाहिजे म्हणतात. आपल्याकडे शेवयांचा फुरका मारणाऱ्या मुलास डोळे वटारले जातात. जपानात गरम शेवया आवाज करीत ओढून खाण्यात कोणास वावगे वाटत नाही. मात्र त्याच जपानात भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचल्या, तर पंक्तीतील माणसे चपापतात. कारण तसा भात मृतासमोर ठेवावयाचा असतो. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत पदार्थ देणेही तेथे निषिद्ध आहे. कारण दहनानंतर आप्त लोक अस्थी अशाच रीतीने उचलून एकमेकांच्या काड्यांत देतात. ज्यांनी घरच्या माणसांचे पिंडदान पाहिले आहे, त्यांस हा संकोच समजावून सांगण्याची गरज नाही. चीनमधील 'लीजी' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आचारग्रंथात भाताचे गोळे वळू नयेत, रसा भुरकू नये, हाडे कुत्र्यांपुढे फेकू नयेत, अशी तपशीलवार आज्ञा आहे. अरबस्तानातील बेदुइनांच्या तंबूत पाहुणा रिकामा पेला हलवून परत करीत नाही, तोवर यजमान त्यात कॉफी ओतीतच राहतो. 'पुरे' हा शब्द पाहुण्याने उच्चारावा लागू नये, म्हणून ती खूण.

थोडा विचार केला असता या विरोधांच्या तळाशी एकच धागा सापडतो. शेजारी बसलेल्यास किळस येऊ नये, त्याच्या मनात नको ते स्मरण जागे होऊ नये, त्यास मागण्याची वा नाकारण्याची लाज वाटू नये, एवढ्यासाठीच ही सारी यातायात. सोबत जेवणाऱ्याच्या मनाची काळजी, हा या रीतींचा आत्मा. काटा, काड्या आणि बोटे हे केवळ त्याचे देह.

परंतु हाच आत्मा निघून गेला म्हणजे रीतीची भिंत होते, हेही कबूल केले पाहिजे. आणि भिंती बांधण्यात आम्ही महाराष्ट्रीय कोणास हार जाणारे नव्हतो. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांसारखी मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. ती बातमी फुटताच शहरात ग्रामण्य माजले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. घोट कसा घेतला हे कोणी विचारले नाही. कोणाच्या घरी घेतला, एवढाच प्रश्न होता. आमचे नानाही या दोषातून मुक्त नव्हते. गावातून धान्याची पोती घेऊन येणारा गाडीवान आमच्याकडे जेवे, तो पडवीत, वेगळ्या पत्रावळीवर. त्यास वाढण्यात हात आखडला जात नसे. पण त्याचे पान आत कधी मांडले गेले नाही, आणि आम्हां मुलांस त्याचे नवलही कधी वाटले नाही.

1971 साली आम्ही इथिओपियात गेलो. त्या काळी तेथील शाळांतून शेकडो भारतीय शिक्षक शिकवीत असत. आमची नेमणूक गोंदर येथे झाली. एके दिवशी तेथील अम्हारिक भाषेच्या शिक्षकांनी आम्हांस घरी जेवावयास बोलाविले. वार बुधवार होता. बुधवारी आणि शुक्रवारी त्या देशातील सनातनी ख्रिस्ती लोक मांस व दूधदुभते वर्ज्य करतात. आम्ही शाकाहारी, म्हणून त्यांनी मुद्दाम तो वार निवडला होता. धाकट्या मुलाने झारी व तस्त आणून प्रत्येकाच्या हातावर पाणी घातले. मग वेताच्या उंच टोपलीवर परातीएवढी इंजेरा आली. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली ही भाकरी म्हणजे आमच्या आंबोळीची थोरली बहीण. तिच्यावर मध्यभागी शिरो वाढले होते. तोंडात घालताच आम्ही ओळखले. हे तर तिखट मसाल्याचे पिठले! पण काटा नाही, चमचा नाही, वेगळे ताटही नाही. सर्वांनी एकाच इंजेराचे तुकडे मोडून खावयाचे. उष्ट्या-खरकट्याच्या संस्कारात वाढलेले आमचे मन क्षणभर दचकले.

तेवढ्यात यजमानांनी इंजेराच्या तुकड्यात शिरो गुंडाळून एक भला मोठा घास केला आणि तो थेट आमच्या तोंडापाशी आणला. याला तेथे गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितकी माया अधिक, आणि तो नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे. आम्ही तोंड उघडले. घास इतका मोठा की ओठ मिटेनात. पलीकडे यजमानांचे वृद्ध वडील बसले होते. पुढचा घास यजमानांनी त्यांच्या मुखी घातला, आणि त्या म्हाताऱ्यांनी थरथरत्या बोटांनी एक घास करून आपल्या पन्नाशीच्या मुलास भरविला. आमच्या डोळ्यांस पाणी आले. तिखट लागले असे समजून घरच्या बाईंनी पाणी पुढे केले, आणि आम्ही तो समज तसाच राहू दिला. ज्या हाताने आम्हांस पहिला भात भरविला, तोच हात आम्ही मुंबईच्या त्या मेजावर लपवावयास लाविला होता.

1974 साली त्या देशात राज्यक्रांती झाली. पुढल्या वर्षी आम्ही परत आलो. गावी गेल्यावर नानांजवळ बसून हाताने जेवावयाचे, आणि जमल्यास त्या रात्रीची क्षमा मागावयाची, असा बेत आम्ही बोटीवरच केला होता. घरी पाहतो तो पाटासमोर दोन पाने, मिठापासून मुदीपर्यंत सारा भूगोल जागच्या जागी, आणि प्रत्येक पानाशेजारी एकेक काटा व चमचा! आईने हळूच सांगितले, "साताऱ्याहून आणलेत. तुझं पत्र आल्यापासून रोज रात्री शिकताहेत. मुलगा परदेशात राहून आला, आपल्यामुळे त्याला अवघड होऊ नये, म्हणतात."

हाताने जेवण्याचा आमचा बेत तेथेच विरला. त्या घडीस हाताने जेवणे म्हणजे नानांचे पाच-सहा महिन्यांचे शिक्षण पाण्यात घालणे होते. आम्ही काटा उचलला. पाटावर मांडी घालून बापलेक वरणभात काट्या-चमच्याने खाऊ लागले. नाना आता चमचा खडूसारखा धरीत नव्हते. उत्तम धरीत होते. ताकभातापर्यंत सारे सुरळीत पार पडले. तेथे नाना थांबले, आमच्याकडे पाहून म्हणाले, "अरे, हा कसा खातात रे तिकडे?"

"तिकडे ताकभात नाहीच, नाना."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दोघांनीही काटे खाली ठेवले.

ताकभात खाताना आम्ही त्यांस गोंदरची हकिगत सांगितली. एकाच इंजेरावरून सारे घर जेवते, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग वाढावयास उभ्या असलेल्या आईकडे वळून म्हणाले, "आणि तू जेवणार कधी? तुझंही पान इथेच मांड." आई म्हणाली, "भलतंच काय! मग वाढायचं कोणी?" नाना म्हणाले, "भांडी मध्ये ठेव. हात आहेत सगळ्यांना."

त्या दिवसापासून आमच्या घरी पाने एकदम मांडली जाऊ लागली. मुंबईच्या त्या रात्रीचा विषय आम्ही काढला नाही, आणि नानांनीही कधी काढला नाही. ते दोन काटे आजही आमच्या फडताळात आहेत. परदेशी वाढलेली आमची नातवंडे सुट्टीत येतात, तेव्हा ते आपण होऊन बाहेर निघतात. आणि मुलांपैकी कोणी काटा मागितला, तर आम्ही आमचा हात धुऊन त्याच्याबरोबर काट्यानेच जेवतो. ताकभातापर्यंत.