गुळाचा चहा आणि वाग्भट

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याच्या हिशेबाने माणूस सोळा वर्षांपर्यंत बाल, सोळापासून सत्तरपर्यंत मध्यम वयाचा आणि तिथून पुढे उतार. हे मी वाचलं तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. वैद्यकाकांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "बाई, अजून बरीच वर्षं तुम्ही मधल्याच आहात. घाई करू नका." घाई मला होतीच. रक्तातली साखर वरच्या रेघेला टेकलेली, मध्यरात्रीनंतर छातीत जळजळून जाग, पाळीचं तंत्र बिघडलेलं, पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायमची. त्याच ग्रंथात स्त्रीचा ऋतुकाळ बारा ते पन्नास असा दिलाय. म्हणजे निदान त्या एका बाबतीत तरी मी वेळापत्रकाप्रमाणे चालले होते.

मी गणित शिकवते. शाळा पाटण रस्त्याला, घर कराडात शुक्रवार पेठेत. सकाळी मिळेल ती एसटी, नाहीतर वडाप. वैद्यकाकांचं घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. त्यांनी दवाखाना बंद केला होता, पण संध्याकाळी सोप्यात चार माणसं जमवून वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' वाचायचे. आम्ही सगळे अण्णा म्हणतो ते एसटीचे निवृत्त कंडक्टर, एक औषध दुकानदार, रेठऱ्याकडचे ऊसवाले बापू, भजनी मंडळातल्या दोन मावश्या आणि मी. फी काही नव्हती. अट एकच: इथं शिकलेलं औषध कुणालाही सांगायचं नाही.

सुरुवातीला मला ती अट जाचक वाटली. एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा, पुढेमागे चार लोकांना सल्ला द्यावा, असं डोक्यात होतं. काकांनी सरळ सांगितलं. आयुर्वेदाची पदवी म्हणजे बीएएमएस, इंटर्नशिपचं वर्ष धरून साडेपाच वर्षं. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय आयुर्वेदाची प्रॅक्टिस करता येत नाही. "तुम्हाला स्वतःचं ताट वाचायला शिकायचंय ना? मग तेवढंच शिका. शेजारणीचं ताट तिचं तिला वाचू दे."

ग्रंथ दिसतो त्यापेक्षा आटोपशीर आहे. सहा स्थानं, एकशेवीस अध्याय. आमच्यापुढे असायचा डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचा 'सार्थ वाग्भट', एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं मराठी. ते मराठी वाचतानाच पहिले काही आठवडे दमछाक व्हायची. संस्कृत आलं की काका हेमाद्रीच्या टीकेकडे वळायचे. हा हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा करणाधिप. त्याच्या नावाची दगडी देवळं आपण गावोगाव दाखवतो, पण त्याने वाग्भटावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली हे मला बावीस वर्षं मास्तरकी करून माहीत नव्हतं.

मला खरा धक्का बसला तो गुळाने.

आमच्या भागात दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की ताज्या गुळाची ढेप घरी येते. साखर वाढल्याचं कळल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर साखरेचा चहा सोडून गुळाचा सुरू केला. शाळेतल्या निम्म्या बायकांनी हेच केलं होतं. कराडात आता गुळाच्या चहाचे गाडेही आहेत आणि तिथं मधुमेही लोक निर्धास्त उभे असतात. मग सोप्यातल्या वाचनात एक ओळ आली. आयुर्वेदातल्याच चरकाने प्रमेहाची कारणं सांगितली आहेत: सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही, दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. मी ती ओळ दोनदा वाचायला लावली. वाग्भटही नव्या-जुन्या गुळात फरक करतो. जुना गूळ पथ्याचा, नवा कफ वाढवणारा आणि अग्नी मंद करणारा. आपण खातो तो गुऱ्हाळातून कालच निघालेला.

काकांनी लगेच आवर घातला, की प्रमेह म्हणजे हुबेहूब आजचा मधुमेह नव्हे. ग्रंथात प्रमेहाचे वीस प्रकार आहेत, मधुमेह त्यातला एक. पण दुकानदार म्हणाले, "काका, ग्रंथ बाजूला ठेवला तरी गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच. ग्लुकोमीटरला तो काळा की पांढरा ते दिसत नाही." बापू मात्र चिडले. "मग आम्ही ऊस लावायचा कशाला?" त्यावर कुणापाशीच उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी बापूंनी वैद्यकाकांसाठी मुद्दाम वर्षाचा जुना गूळ आणला, आणि काकांनी तो वाटीभर ठेवून घेतला.

घरी मी गुळाचा चहा बंद करायला निघाले तर आमचे हे म्हणाले, कालपर्यंत तूच पाजत होतीस. बरोबरच होतं त्यांचं. इथं ग्रंथ माझ्या मदतीला आला. वाग्भट सांगतो, अंगवळणी पडलेलं अपथ्य एकदम तोडू नये. चौथ्या हिश्शाने सोडावं, तेही जमत नसेल तर चौथ्या हिश्शाच्या चौथ्या हिश्शाने, म्हणजे सोळाव्या भागाने. गणिताच्या बाईला यापेक्षा जवळचं काय असणार? मी चहातला गूळ मोजून कमी करत नेला. आता आमच्याकडे बिनगोडाचा चहा होतो. हे अजून कुरकुरतात, पण पितात.

दही, शिकरण, रात्रीचं ताक यांवर इतकी भांडणं झाली की सगळी लिहीत बसत नाही. दुधाबरोबर आंबट आणि फळं नकोत, रात्री दही नको, हे ग्रंथात आहेच. पण शिकरणीला विष ठरवून निरोप पाठवणारे लोक पुढचा भाग वाचत नाहीत. व्यायाम करणारा, अग्नी चांगला असलेला, तरुण, बलवान, त्या अन्नाची सवय असलेला, थोडंच खाणारा, अशाला विरुद्ध अन्नही फारसं बाधत नाही, असं तोच ग्रंथ म्हणतो. मला हा वाग्भट आवडतो. तो नियम सांगून मोकळा होत नाही, नियम कुणाला लागू नाही तेही सांगतो. आमचा शेजारचा पैलवान पोरगा शिकरण खाऊन आगाशिवाचा डोंगर पळत चढतो, त्याला कोण काय सांगणार!

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा निघाला तो चौथा अध्याय, रोगानुत्पादनीय. दाबू नयेत असे तेरा वेग त्यात मोजले आहेत: भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू आणि अर्थातच मल-मूत्र. लघवी रोखल्याने अंग मोडून येतं, ओटीपोट दुखतं, मुतखडा होतो. हे वाचून होईपर्यंत मावश्या, मी आणि चहा घेऊन आलेल्या काकू अशा चौघीही एकमेकींकडे बघत होतो. बाईच्या जातीला हा वेग रोखायचं शिक्षण लहानपणापासून मिळतं. मी सकाळी घरून निघाले की दुपारपर्यंत पाणी पीत नसे, कारण स्टँडवर जाववत नाही आणि शाळेत बायकांच्या मुतारीची किल्ली शिपायाकडे. मागायची लाज. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांकडे जाऊन मी कितीदा गोळ्या आणल्या, पण पाणी का पीत नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

मी शिक्षकांच्या बैठकीत हा विषय काढला. वाग्भटाचं नाव घेतल्यामुळे म्हणा, मुख्याध्यापक हसले नाहीत. किल्ली आता स्टाफरूमच्या खिळ्याला असते आणि मुलींच्या मुतारीला तर कुलूपच नाही. माझ्या साऱ्या अभ्यासातलं सर्वांत उपयोगी औषध हेच असावं.

करोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आमच्याकडेही. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, दिशाभूल करणारा म्हटलं. मावश्यांनी विचारलं, खरं कोणाचं? काका म्हणाले, "वाद चालू दे. आधी मला सांगा, तुम्ही काढा कुणाला विचारून घेतला? किती? किती दिवस?" मग त्यांनी दुकानदारांकरवी एका आयुर्वेदिक औषधाची डबी मागवली आणि तिच्यावरची ओळ वाचायला लावली: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा अशी विषारी द्रव्यं ज्या आयुर्वेदिक औषधांत असतात, त्यांच्यावर ही सूचना कायद्याने लागते. आमच्याकडे बिब्बा घरात सहज असतो आणि त्याने अंगावर फोड आलेली माणसंही सहज भेटतात.

माझ्या साखरेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे. ती काकांनी एकदाही बंद करायला सांगितली नाही. उलट रिपोर्ट आला की आधी त्यांना दाखवावा लागतो. साखर रेघेच्या किंचित खाली आलीय, दर वेळी राहतेच असं नाही. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी आता महिनोन् महिने पुरते. त्यात रात्रीचं जेवण लवकर करण्याचा वाटा किती, आणि सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाण्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. व्यायाम निम्म्या ताकदीने करावा असं ग्रंथ सांगतो, त्यामुळे मी घाटावर पळणाऱ्यांकडे बघून लाजत नाही.

सध्या आम्ही निदानस्थानात आहोत. अण्णांना मात्र धीर नाही. त्यांना मोतीबिंदू होता आणि वाग्भटाने शलाकेने डोळ्यावर करायची शस्त्रक्रिया उत्तरस्थानात लिहून ठेवलीय हे कळल्यापासून तेच वाचायचा हट्ट. "आधी दवाखान्यात जाऊन डोळा करून या, मग वाचू," असं काकांनी बजावलं. अण्णा खरंच करून आले, काळा चष्मा लावून सोप्यात बसले. काकांनी तो अध्याय काढला. शस्त्रक्रियेनंतर सात दिवस रोग्याने शिंकू नये, खोकू नये, थुंकू नये, असं तिथं आलं तेव्हा अण्णांनी हात वर केला.

"काका, शिंक तर त्या तेरांतली. दाबू नये म्हणालात."

काका जरा थांबले, पान उलटून मागे गेले, पुन्हा पुढे आले. "अण्णा, तुम्ही तिकिटं फाडत होतात तेच बरं होतं," म्हणाले आणि हेमाद्री शोधायला उठले.