सलोख्याआधीची वाट

चि. बाळ,

तुझे पत्र आणि सोबतचे भाषणाचे कात्रण पोचले, आणि तेव्हापासून चित्त स्वस्थ नाही. वीस मार्चच्या सभेत, महाडच्या सत्याग्रहाचे स्मरण करण्यास जमलेल्या मंडळींपुढे, ‘मागचे सारे विसरून एकदिलाने नांदू या’ असे तू म्हणालास, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांचे समाधान तुझ्या ओळीओळींतून दिसते. पण बाळ, विसरण्याचे आवाहन करण्याचा अधिकार आपला कसा? ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याने विसरावे की स्मरावे, हे तोच ठरवील. ज्यांच्या हाती छडी होती त्यांच्या वारसाने ते सुचवणे, भाषा कितीही मृदू असो, मला उद्धटपणाचे वाटते.

महाडचे नाव घेतलेस म्हणून लिहितो. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव १९२३ साली संमत झाला, त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्याले, तोवर ते खुलेपण दप्तरातच निजून होते. आणि पुढे काय झाले? हे लोक आता देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांना मारहाण झाली, पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ झाली, ऑगस्टात नगरपालिकेने ठराव रद्द केला, तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा दिवाणी कोर्टात दाखल झाला, आणि हायकोर्टाचा अखेरचा निकाल हाती यायला १९३७ चा मार्च उजाडला. सार्वजनिक पाण्यासाठी दहा वर्षे! ही वर्षे कोणी विसरावीत म्हणतोस?

१९२७ च्या महाडच्या त्या सभेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. या माणसांनी आधी ज्ञातीचा रोष अंगावर घेतला. सलोखा व्हायचा तर वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याने प्रथम काही सोडावे लागते, आणि ते सातबाऱ्यात, गावाच्या दप्तरात, मामलेदाराच्या रोजनाम्यात उमटावे लागते, असे माझे ठाम मत आहे. तुझी काकू म्हणते, मी प्रत्येक पत्रात हेच लिहितो. लिहितो खरा, कारण आपल्या ओसरीवरची ती निराळी कपबशी तूही पाहिली आहेस, आणि कुलकर्णी-वतन १९५० च्या कायद्याने गेले तेव्हा घरात झालेला आकांत थोरल्यांनी तुला ऐकवला आहे. महारवतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबवलेल्या फुकट कष्टांबद्दल मात्र त्याच घरात कोणी हळहळल्याचे मला स्मरत नाही.

आता मुख्य गोष्ट. बौद्धवाड्यातून स्मशानाकडे जाणारी वाट आपल्या खालच्या मळ्यातून जाते. गेल्या पावसाळ्यात तू तिथे काटेरी कुंपण घातलेस, आणि वाट मोकळी व्हावी या तिथल्या लोकांच्या अर्जाला तुझ्या सहीची हरकत आहे, हे मला गावाकडून कळले. तुझ्या पत्रात त्याचा चकार शब्द नाही. पावसाळा पुन्हा तोंडावर आला आहे, ओढ्याच्या चिखलातून तिरडी न्यायची कशी, या विचाराने मला झोप लागत नाही. वकिलाला विचारत बसू नकोस. कुंपण काढ, हरकत मागे घे, वाटेची नोंद करून दे, आणि सुनावणीची तारीख कोणती ते उलट टपाली कळव. प्रकृतीने साथ दिली तर मी स्वतः कचेरीत येईन.

तुझा काका