झरपटच्या काठावरची सावली

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास चंद्रपूर शहराला दोन गोष्टी एकाच वेळी वेढतात : ऊन आणि यात्रा. महाकालीच्या दर्शनासाठी नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातून येणारे भाविक अंचलेश्वर दरवाज्याबाहेर, झरपट नदीच्या आसपास उतरतात. पूर्वी ही मंडळी बंड्या जुंपून येत, वर तट्ट्याचे छप्पर असे. आता टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टर येतात. वाहन बदलले, तरी उतरल्यावरचे पहिले काम तेच राहिले आहे. चूल नंतर मांडली जाते, सावली आधी.

अशाच एका चैत्रात मैदानाच्या कडेला अमरावतीच्या एका कुटुंबाने आपली नवी गाडी उभी केली. भद्रावतीला पार्श्वनाथांचे दर्शन झाले होते, दुसऱ्या दिवशी ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे जायचे होते, आणि मधल्या दुपारी गोंडराजांच्या समाध्या व शहराचा कोट पाहायचा होता. गाडीत पती-पत्नी, दोन नातवंडे आणि ऐंशी वर्षांच्या आजी. आजींचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. एप्रिलच्या मध्यात चंद्रपूरला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा स्वयंपाक, जेवण आणि दिवसभराचे पाणी हे सर्व त्याआधी उरकायचे. गाडीत शेगडी पेटवली की आतली हवा असह्य होते. म्हणूनच गाडीच्या कुशीला बाहेर उघडणारे कापडी छत, ज्याला बाजारात ‘ऑनिंग’ म्हणतात, ते बसवून घेतले होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. पण छताची निवड बहुतेक जण चित्रे पाहून करतात, आणि ती चित्रे थंड देशांतली असतात. तेथे छत पावसासाठी असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांना शिवतो. येथे त्याचे काम वेगळे आहे.

या कुटुंबापुढे चार पर्याय होते. पत्र्याच्या लांबट पेटीत गुंडाळलेले आणि दांडा फिरवून उघडणारे छत सर्वांत सोयीचे, पण तीन मीटर लांबीच्या अशा पेटीचे वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. कापडी पिशवीतले, चेन उघडून हाताने पसरायचे छत हलके व स्वस्त. ते उघडायला मात्र दोन माणसे लागतात. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावरून पंख्यासारखे उलगडणारे तिसरे, दिसायला देखणे आणि वाऱ्याला सर्वांत भित्रे. चौथा पर्याय कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही : टपाच्या कडेला अॅल्युमिनियमची खाचपट्टी, तीत सरकवलेले मेणकापड आणि दोन खांब. कुटुंबाने पहिला पर्याय घेतला.

बसवण्याच्या कामात मात्र त्यांनी चोख हिशेब ठेवला होता. वाऱ्याचा सगळा ओढा कंसांच्या बोल्टांवर येतो. नुसत्या पातळ पत्र्यात आवळलेला बोल्ट पहिल्याच झोतात पत्रा फाडून निघतो. म्हणून आतल्या बाजूने जाड पोलादी पट्टी लावून तिच्यात बोल्ट कसले होते. छिद्रांच्या कडांना रंग, वर रबरी वॉशर आणि सीलंट, म्हणजे पावसाळ्यात गंज आणि गळती दोन्ही टळतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि एकूण रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. त्यामुळे मिटलेली पेटी अंगाबाहेर किती येते हे टेपने मोजून घेतले होते. एवढे सगळे झाल्यावर एकच गोष्ट कोणी विचारली नव्हती : छत उघडेल तेव्हा सूर्य कोठे असेल?

गाडीचे दार डावीकडे, म्हणून छतही डावीकडे. मैदानात गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. साहजिकच छत पश्चिमेला उघडले. दुपारी दोनपर्यंत सावली छान पडली. चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर येतो. छत सव्वादोन मीटर उंच असेल, तर तिरपे ऊन त्याच्या काठाखालून तीन मीटरहून अधिक आत शिरते, आणि या छताची खोली होती अडीच मीटर. म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी छताखाली सावलीचा एक कवडसाही उरला नाही. वर कापड ताणलेले आणि खाली शेगडी, कणीक, माणसे उन्हात. आजी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, बोलणे मंदावले, आणि दिलेले पाणी त्या दोन घोटांवर बाजूला ठेवू लागल्या. सूर्यास्ताला अडीच तास उरले होते.

शेजारी नांदेडकडचा एक टेम्पो होता. त्याच्या चालकाने हे सर्व पाहिले आणि उठून आला.

“काका, गाडीचं तोंड फिरवा की. दुपारनंतर गाडीचीच सावली घ्यायची, कापडाची नाही.”

त्याचा टेम्पो बरोबर उलटा उभा होता. छत मिटवून गाडी दक्षिणेकडे तोंड करून लावली, तेव्हा डावी बाजू पूर्वेला आली. अडीच मीटरहून उंच गाडीची स्वतःचीच सावली चार वाजता साडेतीन मीटरपलीकडे जाते आणि पुढे वाढतच राहते. कापडाने फक्त वरचे तापलेले आकाश झाकायचे. आजींना त्या सावलीत आडवे केले. डोक्याला, मानेला ओला पंचा लावला, आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने दिले.

तरीही छताखालची हवा थंड होत नसते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सावली उन्हाचा मारा अडवते. ४३ अंशांची हवा सावलीतही ४३ अंशांचीच असते. चालकाच्या पत्नीने एक जुने धोतर भिजवून वाऱ्याच्या बाजूला दोरीवर टांगून दिले. विदर्भातल्या वाळ्याच्या पडद्यांचे तत्त्व तेच आहे. हवा कोरडी असली की ओल्या कापडातून येणारी झुळूक खरोखर गार होते. जूनमध्ये हवेत दमटपणा भरला की हा उपाय निकामी ठरतो. पाऊण तासात आजी उठून बसल्या आणि पोळ्या कोणी करपवल्या, असे विचारू लागल्या. तो सगळ्यांना आरोग्याचा दाखलाच वाटला.

टेम्पोवाल्यांची ताडपत्री पाहण्यासारखी होती. एक कड टपाच्या कड्यांना, दुसरी दोन बांबूंना. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत खुंट्या धरत नाहीत, म्हणून दोऱ्या पाण्याने भरलेल्या वीस लिटरच्या कॅनना बांधलेल्या. एक कॅन म्हणजे वीस किलो. फरशीच्या आवारातही हीच युक्ती चालते. गाडीकडच्या गाठी निरगाठी आणि बांबूंकडच्या सगळ्या सुरगाठी. कारण चैत्र-वैशाखात संध्याकाळी आभाळ अचानक काळवंडते आणि वादळी वारा कोणाची वाट पाहत नाही. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. दांडा फिरवून मिटणाऱ्या छताला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात त्याचे हात वाकू शकतात. छत उघडे ठेवून रात्री झोपणे तर या ऋतूत वेडेपणाच.

पाच वाजून गेल्यावर भाजी-पोळी झाली. सहाच्या आत आजींचे जेवण झाले, आणि त्यांनी शेवटचे पाणी सावकाश, पूर्ण पेलाभर घेतले. टेम्पोवाल्यांना पोळ्या दिल्या, त्यांनी ज्वारीच्या भाकरी दिल्या.

दुसऱ्या दिवशी मोहर्लीला निघण्यापूर्वी बेत थोडा बदलला. दुपारच्या सफारीत आजींना न्यायचे नाही, त्या खोलीत कूलरपुढे थांबतील, असे ठरले. जंगलात स्वतःची गाडी लावून मुक्काम करता येतच नाही. छत तेथे कामाचे नाही. वाटेत बुरडाकडून दोन सरळ बांबू घेतले आणि किराणा दुकानातून चार रिकामे कॅन. नातवाने गाडीच्या काचेवर आतून एक चिठ्ठी चिकटवली : ‘सकाळी तोंड उत्तरेला, दुपारी दक्षिणेला.’ आजींनी ती वाचून चष्मा काढला आणि विचारले, “आणि भर बारा वाजता?” वीस-एकवीस मेच्या सुमारास चंद्रपूरला मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही पडत नाही, हे नातवाला शाळेत शिकवले होते. त्याने चिठ्ठीखाली आणखी एक ओळ लिहिली : ‘बारा वाजता कसेही.’