अर्धवट साडी

माझ्याकडे आईच्या दहा साड्या आहेत, आणि एक अर्धवट. ती अर्धवट म्हणजे फिकट निळी सुती पाचवारी. गेल्या दिवाळीपासून ती मी कापते आहे. कापून तिची पोस्टकार्डं करते आणि जगभर पाठवते. हे वाचून आमच्या घरातल्या काही जणांच्या कपाळावर आठ्या पडणार, ठाऊक आहे. (ताई, हिरवी इरकल शाबूत आहे. काळजी नसावी.)

आधी कापडी पोस्टकार्ड म्हणजे काय ते सांगते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. चार बाय सहा इंचांचा तुकडा. वर आपलं चित्र, म्हणजे कापडाचे तुकडे, भरतकाम, बटणं, जे सुचेल ते. मधे कडक बक्रम. मागे पांढरं मांजरपाट, त्यावर मजकूर आणि पत्ता. थोडक्यात काय, तळहाताएवढी गोधडीच! तसेच थर, तोच धावदोरा. फक्त पांघरायची नाही, पाठवायची. माझ्या मशीनवर झिगझॅग नाही, म्हणून कडा आमच्या गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्याकडून करून घेते. "ताई, एवढ्याशाला पिको?" असं पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. आता तो स्वतःच दोऱ्याचा रंग निवडतो, आणि माझ्यापेक्षा चांगला निवडतो.

पाकिटात घालायचं नाही, हा माझा हट्ट. कार्डाने उघड्यानेच प्रवास करावा, शिक्के खावेत, थोडं मळावं. कापडावर तिकीट नुसत्या डिंकाने टिकत नाही, त्याला फेव्हिकॉल लागतो. आणि शिक्का मशीनमधून न मारता हाताने मारा, अशी काउंटरवर विनंती करावी लागते. तिथल्या बाई आधी वैतागायच्या. मग एकदा त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाल्या, "ही नेसायची साडी होती ना?" त्यानंतर शिक्का अगदी कोपऱ्यात, जपून मारतात.

पोस्टातून कला पाठवायचा हा खेळ काही आजचा नाही. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ साली. पण कार्ड म्हणजेच कलाकृती, हे वेड पसरलं ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. रे जॉन्सन नावाचा एक अमेरिकन कलावंत १९५०च्या दशकापासून ओळखीच्या लोकांना छोटी कोलाजं पोस्टाने पाठवायचा. पुढे त्यावर सूचना असायची, की यात तुमची भर घाला आणि अमक्याला पाठवून द्या. १९७० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याने प्रदर्शन भरवलं, त्यात लोकांनी टपालाने पाठवलेलं मांडलं होतं. या मंडळींच्या प्रदर्शनांचे अलिखित नियम मला फार आवडतात. परीक्षक नाही. प्रवेश फी नाही. येईल ते सगळं मांडायचं. आणि पाठवलेलं परत मिळायचं नाही.

आमच्या आत्याचं दुखणं नेमकं या शेवटच्या नियमाशी आहे. "वहिनीची साडी, आणि तू ती कुणा परक्या बाईला देऊन टाकतेस? परतसुद्धा मागत नाहीस?"

आता आत्याला काय सांगू! तिच्या वहिनीने, म्हणजे माझ्या आईने, स्वतःच्या लग्नातला जरीचा शालू बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. तासभर घासाघीस करून, वर एक चमचा जास्तीचा घेऊन. त्या डब्यात आमच्याकडे अजून रवा असतो. सुती साड्या विरल्या की गोधडीत जायच्या, गोधडी विरली की पायपुसण्यात. साडी कपाटात ठेवून तिच्याकडे बघत बसणं हे आईचं कामच नव्हे. ते आम्ही करतो, ती गेल्यापासून.

शिवाय हिशेब केला, तर एका पाचवारीतून तीन-चारशे कार्डं निघतील. माझी आतापर्यंत चौतीस झालीत. म्हणजे या जन्मात दुसऱ्या साडीला कात्री लागेल असं वाटत नाही.

पण आत्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, हेही कबूल. त्या निळ्या साडीला पदराजवळ एक रफू होतं. दाराच्या खिळ्याला अडकून फाटली होती, तेव्हा आईने घरात होता तो गडद निळा दोरा घेऊन शिवलं होतं. साडीभर तेवढाच एक तिच्या हाताचा टाका. ते मी बरेच महिने बाजूला ठेवलं, आणि मग त्याचंच कार्ड केलं. बाकी काही जोडलं नाही त्यावर, नुसतं रफू मधोमध. ब्राझीलमधल्या एका बाईंना पाठवलं. त्यांचं कार्ड मला मिळालं, माझं त्यांना पोचलं नाही. पाच महिने झाले. चांगलं कार्ड आधी घरी ठेवून फोटो काढावा, असं सगळे सांगतात. मी काढला होता. फोटोत टाका दिसतो, पण बोटाला लागत नाही. दोन दिवस मला काही सुचलं नव्हतं.

तरी पुढचं कार्ड केलंच. त्याला कारण नेदरलँड्समधल्या माझ्या एका पत्रमैत्रिणीचं कार्ड. वर चौकड्याच्या शर्टाचा तुकडा, त्यात एक काज, बटण नाही. मागे दोन ओळी. वडिलांचा कामावरचा शर्ट, बटण कधीचं तुटलेलं, लावून द्यायचं राहून गेलं. मी ते कार्ड टेबलावर ठेवलंय. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही, नावही माहीत नाही. पण त्या रिकाम्या काजाकडे रोज एकदा तरी नजर जातेच. तिकडे त्यांच्या घरी कुठेतरी आमच्या आईचा निळा तुकडा आहे.

घरच्यांनाही पाठवली बरं का! काकांनी फ्रेम केली. आत्याने देवघरात ठेवलं. मला ते फारसं पटलेलं नाही. अगं, ते कार्ड आहे, त्याला उत्तर पाठवायचं असतं! तुझ्या जुन्या पातळाचा तुकडा चालेल, शिवणही कशीही चालेल.

पुढच्या अदलाबदलीचा विषय 'पाऊस' ठरलाय. चार बाय सहा इंच, कडा बंद केलेल्या, मागे पत्त्यासाठी उजवी बाजू मोकळी. पाकीट नको. कुणाला यायचं असेल तर आषाढ लागायच्या आत कळवा, म्हणजे जोड्या लावता येतील.