कुंपणाच्या आतली रुई

वैशाखात माळावरचं गवत करपून जातं, ओढ्याची वाळू पायाला चटके देते, आणि मुरमातली रुई मात्र राखाडी-हिरव्या, लव असलेल्या पानांनिशी फुललेली असते. मेणातून घडवल्यासारखी फिकट जांभळी फुलं, मधोमध पाच कंगोऱ्यांचा मुकुट. शनिवारी मारुतीच्या गळ्यात माळ आणि रथसप्तमीच्या स्नानाला सात पानं, एवढ्यापुरती आपण तिला घरात घेतो. एरवी तिची जागा उकिरड्याकडेला आणि पडक्या वाड्याच्या भिंतीत. मला ती कुंपणाच्या आत हवी होती. आज पश्चिमेच्या कोपऱ्यात ती माझ्या खांद्याला लागते आहे.

तिच्यासमोर उभं राहिलं की आधी ऐकू येतो तो काळ्या भुंग्याचा जाड गुंजारव. रुईचे पराग धुळीसारखे सुटे नसतात. ते मेणचट पिशव्यांच्या जोडीत बांधलेले असतात आणि त्या जोडीचा बारीक चिमटा मुकुटातल्या फटीपाशी टपून असतो. मध प्यायला उतरलेल्या भुंग्याचा पाय फटीत घसरतो, चिमटा पायाला बसतो, आणि तो हिसका देऊन सुटतो तेव्हा पिशव्या त्याच्याबरोबर निघतात. पुढल्या झाडावरच्या तशाच फटीत त्या नेमक्या अडकल्या, तर फळ धरणार! एवढ्या घोसांमधून बोंडं इतकी थोडी का, ते यावरून कळतं.

हे बांधलेले पराग भुंग्याच्या पिल्लांच्या उपयोगाचे नाहीत. त्यांच्यासाठी मादी तरवडावर जाते, फुलाला बिलगून सगळं अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. म्हणून रुईच्या शेजारी तरवड हवाच. दोघांनाही मुरूम मानवतो. कोपऱ्यातला वाळका बांबूही तसाच राहू द्यावा. ती तो पोखरून त्यात आपली पिल्लं वाढवते.

आणि फुलपाखरू. नारिंगी पंख, काळी किनार, किनारीत पांढरे ठिपके: प्लेन टायगर. लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं १७५८ साली, पण इजिप्तमधल्या सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रांतही ते ओळखू येतं. मध ते कुठल्याही फुलावर पितं, घाणेरीवरसुद्धा. अंडी घालायला मात्र त्याला रुई किंवा तिच्या गोतातलीच झाडं लागतात. मादी पानाच्या पाठीला एकेक अंडं चिकटवते. त्यातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी निघते. पान खाण्याआधी ती त्याची शीर कुरतडते, म्हणजे चीक तिथेच वाहून जातो. तरी जे विष पोटात उतरतं, ते ती साठवते. मोठेपणी तेच तिचं चिलखत होतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. याचा फायदा डॅनेड एगफ्लायच्या मादीनेही उचलला आहे. तिच्या अळ्या घोळीची भाजी खाऊन वाढलेल्या, अंगात विष नाही, पण पंखांचा रंग हुबेहूब प्लेन टायगरचा.

फुलपाखरांची बाग म्हणून आपण नुसती फुलं लावतो, आणि पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीचा पंप शोधतो. मला हे फार लागतं. माझ्या रुईची पानं पावसाळ्याअखेरीस अर्धीमुर्धी उरतात आणि आल्यागेल्याला मी ती मुद्दाम दाखवतो. हिवाळ्यात पुन्हा नवी पालवी येतेच. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा चढला तरी औषध मारू नये. मावा मारायला गेलेलं औषध अळीलाही सोडत नाही. थोडं थांबलं की माव्यावर जगणारे ठिपक्यांचे लाल किडे येतात.

लावायला फारसं काही लागत नाही. पावसाच्या तोंडावर बी टोचावं, किंवा जाड फांदी कापून तिचा चीक वाळू द्यावा आणि मग रोवावी. चीक डोळ्यांत जाता कामा नये. मुलांना हे आधीच बजावून ठेवावं. सोटमूळ खोल जातं, म्हणून कुंडीपेक्षा जमीन बरी. रुजल्यावर शेणखत नको, रोजचं पाणी तर नकोच. बोंडं उकलतील तेव्हा म्हाताऱ्या उडत शेजारच्या अंगणात जातील, आणि पावसात तिथे एखादं रोप उगवेल. ते कुणी उपटायच्या आत शेजाऱ्यांना हाक मारा आणि आपल्या रुईचं एक पान उलटं करून दाखवा.