शिस्तीचा मास्तर, लेदर पँटमधला चाचा

काय गोड पुस्तक आहे हो हे! जेन डेलुकाची 'वेल मेट' वाचून संपवली आणि कोणाला सांगू नि कोणाला नको असं झालंय. कादंबरी 2019ची, म्हणजे अगदी नवी नाही, पण माझ्या हाती आत्ता आली. रेनेसान्स फेअर, म्हणजे जुन्या काळचे वेश करून भरवलेली जत्रा, अशी काही चीज असते हेही मला हिच्यामुळेच कळलं.

एमिली बोस्टनहून मेरीलँडमधल्या विलो क्रीक नावाच्या एका काल्पनिक गावात येते. मोटार अपघातात तिच्या बहिणीचा, एप्रिलचा पाय मोडलाय. तिचं करायचं आणि शाळकरी भाची केटलिनला सांभाळायचं, एवढ्यासाठी ती आलीये. एमिली स्वतःही दुखावलेलीच आहे. ज्याच्या वकिलीच्या शिक्षणासाठी तिनं आपलं इंग्रजीचं शिक्षण अर्धवट सोडलं, तो मुलगा वकील होताच तिला सोडून गेलाय. इकडे केटलिनला गावच्या अशाच जत्रेत काम करायचंय, पण नियम असा की मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूसही हवं. म्हणजे कोण? मावशीच!

आणि तिथे तो भेटतो. सायमन ग्रॅहम. शाळेत इंग्रजी शिकवतो, जत्रेचा कारभार बघतो. एमिलीनं आपल्या फॉर्ममधले काही रकाने कोरे ठेवलेत, तर हा गृहस्थ त्यावरून तिला बोलतो! ओळख ना पाळख, 'फॉर्म पूर्ण भरा'! एमिलीच्या डोक्यात तिडीक जाते, आपल्याही जाते. जे सुचेल ते करून मोकळी होणारी ती आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण झाल्याशिवाय श्वासही न घेणारा तो. यांचं जमणार हे पहिल्या प्रकरणातच कळतं, पण कसं जमणार या उत्सुकतेनं पानं उलटत राहतात.

मग जत्रा सुरू होते आणि पुस्तक उधळतं! एमिली होते 'एम्मा', टॅव्हर्नमध्ये बिअर देणारी. थरावर थर चढवलेले घागरे, वरून आवळलेल्या नाड्यांचा कॉर्सेट, भर उन्हाळ्यात! श्वास पुरेना, पण कणा आपोआप ताठ होतो आणि चालही बदलते. आणि सायमन? तो होतो कॅप्टन इयन ब्लॅकथॉर्न, लेदर पँट घातलेला समुद्री चाचा, आणि एम्माशी खुल्लमखुल्ला फ्लर्ट करायला लागतो. कालपर्यंत रकाने मोजणारा तो हाच का? मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसती हसत बसले.

मला जिंकलं ते इथे. वेशभूषेआड दडून ही दोघं खोटं वागत नाहीत, उलट तिथेच खरं बोलायला लागतात. इयननं एम्माला म्हटलेलं सायमननं एमिलीला म्हटलेलं असतं का? तिला कळत नाही, त्यालाही धड कळत नाही. गणपतीतल्या हौशी नाटकात ज्यांनी कामं केलीत त्यांना हे ठाऊक असेल: तालमीत नजर न उचलणारा मुलगा प्रयोगाच्या रात्री राजा होऊन थेट डोळ्यांत बघून बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा वाटताना लाजतो. डेलुकानं हा एवढासा धागा धरून अख्खी प्रेमकथा विणलीये.

डेलुका स्वतः तिच्या गावाजवळच्या अशाच जत्रेत टॅव्हर्नमधली बाई म्हणून काम करायची, त्यातूनच हे सुचलं. ते जाणवतंच. उन्हानं अंगाला चिकटलेले कपडे, उच्चारांच्या तालमी, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय, हे घरबसल्या लिहिता येत नाही.

या जत्रांचं मूळ शोधलं तर आणखीच आनंद झाला. पहिली जत्रा 1963च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला भरली, केपीएफके या रेडिओ केंद्रासाठी पैसे उभे करायला. ती उभी केली फिलिस आणि रॉन पॅटरसन या दांपत्यानं. फिलिस शाळेत शिकवायच्या, घरच्या अंगणात मुलांची नाटकं बसवायच्या. मास्तरीणबाईंनी सुरू केलेली जत्रा, आणि कादंबरीतला नायकही मास्तर! मेरीलँडमध्येच क्राउन्सव्हिलला 1985 पासून राजा आठव्या हेन्रीच्या काळातलं गाव वसतं, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, दर शनिवार-रविवारी. लोक टर्कीची भलीमोठी तंगडी हातात धरून खात हिंडतात आणि घोड्यावरच्या भाल्यांच्या झुंजीला 'हुझा!' म्हणून ओरडतात.

पण पुस्तक म्हणजे नुसता दंगा नाहीये. विलो क्रीकची जत्रा सुरू केली ती सायमनच्या थोरल्या भावानं, शॉननं. तो कॅन्सरनं गेला. त्याच्या जत्रेतली एकही वस्तू हलू द्यायची नाही, हा सायमनचा हट्ट तिथून आलाय, आणि हे कळतं तेव्हा त्या फॉर्मचाही राग जातो. हसवता हसवता दुःख असं अलगद हातात ठेवणं फार थोड्यांना जमतं. शेवटाकडे एमिली एक गोष्ट मनाशी घेऊन बसते तो भाग जरा ताणलाय, हे खरं. मी तो भराभर वाचला आणि पुन्हा दोघांपाशी जाऊन पोचले.

मेरीलँडमधल्या मावसबहिणीला लगेच फोन लावला. ती तिथे कितीतरी वर्षं राहते, क्राउन्सव्हिलला एकदाही गेलेली नाही! यंदा जाईनच, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय, कॉर्सेट घालून. आणि आनंदाची बातमी म्हणजे पुढचे भागही आहेत. दुसऱ्यात एमिलीची मैत्रीण स्टेसी नायिका, तिसऱ्यात चक्क एप्रिल! दुसरा भाग, 'वेल प्लेड', मागवलाय. तोवर 'वेल मेट' कोणाला हवं असेल तर आत्ताच न्या, कारण ते परत आलं की मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणार आहे.